सरखेल कान्होजी आंग्रे यांची पितळी कोरीव तसबीर : सोलापुरात करून घेतलेल्या तीन पाट्यांचं परीक्षण

नवी पेठ ते अशोक चौक या पट्ट्यात नेमप्लेट, ट्रॉफी आणि मोमेंटो करणारी बरीच दुकानं आहेत. त्यांतल्या तीन ठिकाणी एकाच चित्राच्या तीन पाट्या करून घेतल्या. चित्र मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख, कान्होजी आंग्रे यांचं, अर्धाकृती, मागे एक गुराब (त्यांच्या आरमारातलं तोफांचं जहाज) आणि अलिबागचा कुलाबा किल्ला, खाली नाव, साल आणि त्यांच्या मुद्रेतली एक ओळ. माप आठ बाय दहा इंच. पहिली पाटी ॲसिड एचिंगची, म्हणजे द्रावानं खाऊन कोरलेली, दुसरी फायबर लेसरच्या किरणानं कोरलेली, तिसरी सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कोरणयंत्रावर, व्ही-बिटनं (टोकदार पात्यानं) कोरलेली. दुकानांची नावं देत नाही. तिन्ही ठिकाणचे कारागीर हातानं चांगले आहेत. जे बिघडलं ते पद्धतीमुळे आणि त्याहून जास्त मूळ रेखाटनामुळे बिघडलं.

निकाल आधीच सांगतो. भिंतीवर लावून पिढ्यान्‌पिढ्या टिकवायची तसबीर हवी असेल तर एचिंगच घ्या, पण रेखाटन एचिंगसाठी वेगळं करून घेतल्याशिवाय घेऊ नका. टेबलावर ठेवायची छोटी भेटवस्तू असेल तर लेसर चालेल. राउटर फक्त अक्षरांसाठी आणि चौकटीच्या नक्षीसाठी ठेवा, चेहऱ्यासाठी नको.

पाटी हातात आली की आधी वजन करा. पितळेची घनता घनसेंटिमीटरला साधारण साडेआठ ग्रॅम. त्या हिशोबानं आठ बाय दहा इंचाची १८ गेजची, म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीची पाटी ५२५-५३५ ग्रॅम भरली पाहिजे. १६ गेजची, १.६ मिलिमीटरची, सातशे ग्रॅमच्या थोडी वर जाते. आलेल्या पाट्यांत राउटरवाली ठरलेल्या १६ ऐवजी १८ गेजची निघाली, आणि ते किराणा दुकानातल्या काट्यावरच कळलं. त्याच मापाची पाटी पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भरली तर ती सोनेरी रंग दिलेली ॲल्युमिनियमची आहे. लोहचुंबक चिकटलं तर आत लोखंडी पत्रा आणि वर पितळेचा मुलामा. सोनेरी स्टीलला मात्र चुंबक बहुधा चिकटत नाही, त्यामुळे नुसत्या चुंबकावर विसंबू नका. पाठीमागच्या कोपऱ्यात खिळ्यानं बारीक ओरखडा काढून बघा. पितळ आतूनही पिवळंच असतं.

आता रेखाटन. तिन्ही पाट्यांचं खरं भवितव्य इथेच ठरलं, म्हणून जरा सविस्तर.

कान्होजींच्या काळात, म्हणजे १६६९ ते १७२९ च्या दरम्यान, युरोपात दर्यावर्दी सेनानींची चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली जात होती. कोरणारा कलमाचा दाब कमीजास्त करून एकच रेघ सावलीत जाड आणि उजेडात बारीक करायचा. गालाचा गोलवा, पगडीची घडी, कपाळावरचा उजेड, सगळं रेघेच्या जाडीतून यायचं. आपल्याकडे कान्होजींचे जे चेहरे फिरतात ते बहुतेक पुढच्या काळातल्या चित्रकारांनी रंगवलेले आहेत, आणि रंगीत चित्रात गालाची सावली हलक्या छटांनी केलेली असते. पितळेला छटा माहीत नाही. तिथे दोनच गोष्टी: धातू आहे किंवा खणलेला आहे. रंगीत चित्राचा फोटो देऊन ‘हे कोरून द्या’ म्हटलं की दुकानदार संगणकात त्याचं काळं-पांढरं करतो. मग अर्धा चेहरा काळा डाग होतो नाहीतर मिशीच गायब होते. म्हणून सावलीचं रेघांमध्ये भाषांतर करणारा माणूस आधी शोधावा लागतो.

सोलापुरात अशी माणसं आहेत, पण नेमप्लेटच्या दुकानात नाहीत. ती जेकार्डच्या धंद्यात आहेत. चादरीवर किंवा वॉल हँगिंगवर चेहरा विणायचा तर त्याचा ग्राफ काढावा लागतो, कुठला धागा वर आणि कुठला खाली ते चौकटी-चौकटीनं ठरवावं लागतं. दोन रंगांत चेहरा उभा करायची ही नजर कोरीव कामाला नेमकी लागते. इथलं रेखाटन अशाच एका ग्राफ काढणाऱ्याकडून झालं आणि चेहऱ्याची ठेवण, डोळ्यांचा रोख, मिशीचं वळण फार सुंदर उतरलं. एक खोट मात्र राहिली. ग्राफची सवय चौकटीची, त्यामुळे गालावरच्या तिरप्या रेघांना पायऱ्या आल्या. विणलेल्या कापडात त्या धाग्यात मुरून जातात, पितळेवर बोटालाही लागतात. उपाय सोपा आहे. ग्राफवाल्याकडून सावलीचे भाग पाडून घ्या, आणि रेघा कोरल ड्रॉ या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वक्र रेषा म्हणून नव्यानं ओढून घ्या. फाइल वेक्टरच, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांची, पाहिजे. जेपीजी मोठी करून दिली तर पायऱ्यासुद्धा मोठ्या होतात.

रेखाटनात इतिहासाच्या चुकाही शिरतात, आणि एकदा पितळेवर कोरलेली चूक खोडता येत नाही. मोमेंटोवाल्यांच्या संगणकात ‘नेव्ही’ म्हणून जी तयार चित्रं असतात त्यांत खांद्यावर झालरीचे बिल्ले, आऱ्यांचं सुकाणूचाक आणि तीन मजली तोफांचं विलायती जहाज हमखास असतं. हे तिन्ही काढायला लावा. कान्होजींच्या हयातीत इंग्रज आरमारी अधिकाऱ्यांनाही ठरलेला गणवेश नव्हता, तो १७४८ मध्ये आला आणि खांद्यावरचे बिल्ले १७९५ मध्ये. इथे पगडी, अंगरखा आणि कमरेची तलवार एवढंच शोभतं. गुराब म्हणजे रुंद, उथळ बुडाचं जहाज. बहुतेकदा दोन डोलकाठ्या, मोठ्या गुराबेला तीन. ओळखायची खूण तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक. ती विलायती जहाजासारखी उंच गोल नसून सखल आणि पुढे लांब निघालेली असते. तिच्यावरून नेम धरून पुढच्या तोफा डागल्या जायच्या. सोबत गलबत दाखवायचं असेल तर ते लहान, वल्ह्यांचं आणि मोठ्या त्रिकोणी शिडाचं. नमुना हवा असेल तर टपाल खात्यानं १९९९ मध्ये काढलेलं कान्होजींच्या आरमारातल्या गुराबेचं ३ रुपयांचं तिकीट मिळवा. जहाजाचा घाट त्यावरून नीट समजतो. नौदलाचं २०२२ चं अष्टकोनी चिन्हही मागच्या आकाशात टाकायची टूम आहे. ते पाटीच्या पाठीमागे कोरा, चित्रात नको.

मागे किल्ला कुलाबाच घ्यावा असं आमचं मत. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून त्याच्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले, म्हणून कान्होजींच्या पाठीशी तोच शोभतो. कोरायलाही तो सोयीचा आहे. त्याची तटबंदी मोठमोठे दगड चुन्याशिवाय एकमेकांवर रचून केलेली आहे, सांधे भरलेले नाहीत. त्यामुळे दोन दगडांमध्ये एक बारीक रेघ पुरते, जाड पट्टा लागत नाही, आणि एवढ्याशा जागेत रेघा एकमेकींत मिसळत नाहीत. एचिंगच्या पाटीवर डाव्या कोपऱ्यात जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा तट आहे. त्यात वरच्या थरांचे दगड लहान आणि खालचे मोठे दाखवलेत, आणि पाण्यालगतच्या शेवटच्या थराखाली तीन आडव्या तुटक रेघा. ओहोटीचं पाणी एवढ्यावरच दिसतं. तिन्ही पाट्यांतला सगळ्यात जमलेला तुकडा हाच.

आता एचिंग. पत्रा घासून, तेलकटपणा काढून, त्यावर रोधक थर चढवतात. कोरायच्या जागा उघड्या ठेवून पत्रा फेरिक क्लोराइडच्या द्रावात सोडतात. बाजारात याला ‘ॲसिडचं काम’ म्हणतात. द्राव ४०-४५ अंशांवर कोमट ठेवला आणि ट्रे हलवत राहिलं तर ०.२ मिलिमीटर खोलीला अर्धा-पाऊण तास लागतो. पत्रा उताणा ठेवला तर गाळ रेघांत बसतो आणि तळ खडबडीत होतो, म्हणून तो पालथा किंवा उभा टांगलेला बरा.

पहिल्या खेपेला फसलं ते इथे. द्राव फक्त खाली खात नाही, बाजूलाही खातो. ०.२ मिलिमीटर खोल गेला तर दोन्ही कडांना प्रत्येकी ०.१ च्या आसपास सरकतो. रेखाटनात ०.२५ मिलिमीटरची रेघ आणि ०.३५ ची मोकळी जागा होती. द्रावातून निघाली तेव्हा रेघ ०.४५ ची झाली होती आणि मधला धातू जेमतेम ०.१५ चा राहिला होता. हनुवटीखाली तर तोही उडाला आणि दाढीच्या जागी एकसलग खड्डा पडला. दुसऱ्या खेपेला रेघ ०.१५ आणि मोकळी जागा ०.४५ अशी काढून दिली. ती निघाली ०.३५ आणि ०.२५, आणि चेहरा जिवंत झाला. दुकानदाराला ‘बारीक काढा’ एवढं सांगून भागत नाही, हे आकडे लिहून द्या. आणि आधी दोन बाय दोन इंचाच्या तुकड्यावर नुसता डोळा आणि नाक करून मागा. वाया जाणाऱ्या पितळेचे पैसे आनंदानं द्यावेत, पूर्ण पाटी फुकट जाण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

एक गोष्ट कारखानदारांना उद्देशून. वापरलेल्या फेरिकमध्ये पितळातलं तांबं उतरलेलं असतं. ते गटारात सोडू नये. सोडा घालून निवळवल्यावरही तांबं खालच्या गाळात राहतं, तो गाळ वेगळा साठवून धोकादायक कचरा म्हणूनच द्यायचा. ज्या दुकानात याचं उत्तर नीट मिळालं, त्याच दुकानाचं कामही नीट निघालं.

लेसरची पाटी पहिल्या नजरेला सगळ्यात देखणी. ०.१ मिलिमीटरच्या रेघा स्पष्ट येतात, भुवईचा एकेक केस मोजता येतो. पण उजेडात तिरपी धरली की उथळपणा कळतो. इथे बहुतेकांकडे २० किंवा ३० वॉटचं फायबर मशीन आहे. पितळ त्या किरणाला बरंचसं परतवून लावतं, त्यामुळे साध्या खेपांत खोली ०.०३-०.०५ मिलिमीटरच्या पुढे जात नाही. रेघांचा जो काळपट रंग दिसतो तो रंग भरलेला नाही, जळलेल्या धातूचा थर आहे. एका कोपऱ्यावर चार वेळा ब्रासोनं (पितळ चमकवायच्या पॉलिशनं) पुसून पाहिलं. तिसऱ्या पुसण्याला रेघ तपकिरी झाली, चौथ्याला फिकी. खोली वाढवायला खेपा वाढवल्या तर १८ गेजचा पत्रा तापून मधोमध फुगतो. त्यासाठी १६ गेज घ्यावा लागतो आणि मशीनचे तास वाढतात, म्हणजे दरातला फायदा संपला. काही ठिकाणी सीओटू लेसर दाखवतात. तो उघड्या पितळेवर उमटतच नाही, वरचा रंगाचा थर जाळतो इतकंच. फरक न सांगता विकणाऱ्याकडून घेऊ नका.

राउटरची पाटी थोडक्यात. ६० अंशांच्या व्ही-बिटनं ०.२ मिलिमीटर खोल गेलं की रेघ ०.२३ रुंद येते. पत्रा मशीनच्या पाटावर एखाद्या जागी ०.१ नं वर असेल तर तिथे ०.३५, खाली असेल तर ०.१२. म्हणजे पत्र्याच्या वाकानुसार रेघ तिप्पट बदलते. या पाटीत कान्होजींची उजवी बाजू ठसठशीत आणि डावी पुसट निघाली ती यामुळेच. शिवाय रेघांच्या कडांना बर, म्हणजे धातूची धारदार कोर, राहते, हात फिरवला तर खरचटतं. खालची अक्षरं मात्र याच पाटीवर सर्वांत सुबक आलीत.

अक्षरांबद्दल खास सावध राहा. लेसरच्या मशीनचं सॉफ्टवेअर देवनागरी जोडाक्षरं नीट जुळवत नाही. त्यात थेट टाइप केलं की ‘आंग्रे’ मधला ‘ग्र’ फुटतो आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. मजकूर कोरल ड्रॉमध्ये जुळवून, वक्र रेषांत बदलून मगच मशीनला द्यायचा. मुद्रेतली ‘कान्होजी सरखेलस्य मुद्रा जयति सर्वदा’ ही ओळ घेतली तर ‘स्य’, ‘द्रा’ आणि ‘र्व’ या तीन जागा बघा. एचिंगमध्ये अक्षराची उंची ५ मिलिमीटरपेक्षा कमी ठेवली तर ‘द्रा’ ची पोकळी बुजते. ‘सरखेल’ चं ‘सरखेळ’ झालेलं एका नमुन्यात सापडलं. दुकानात मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही घरची मुलं काम करतात आणि समोरच्या कागदावर जे असेल ते इमानानं कोरतात. तेव्हा कागदच दोनदा वाचून सही करून द्या.

उलटं चित्र हाही नेहमीचा घोटाळा. छपाईसाठी ठसा करायचा तर चित्र आरशातल्यासारखं उलटं कोरतात, भिंतीवरच्या पाटीसाठी सुलटं. फिल्म पालथी पडली की चेहऱ्यावरून लवकर कळत नाही. तलवार बघा. म्यान डाव्या कमरेला आणि मूठ उजव्या हाताला सोपी असली पाहिजे.

रंग भरण्याचं काम सोलापूरच्या हवेशी जोडलेलं आहे. एचिंगच्या खोल रेघांत काळं इनॅमल भरतात, सुकलं की ८०० आणि मग १२०० नंबरच्या पाणीकागदानं वरचा थर उतरवतात, म्हणजे रंग फक्त रेघांत राहतो. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना रंगावर तासाभरात साय धरते आणि आत तो ओलाच असतो. घाईनं घासला की रेघेतून निघून येतो, आणि न निघाला तरी पुढे आकसून तळाशी बसतो. भट्टीत भाजणारं इनॅमल वापरणारा कारागीर मिळाला तर उत्तम. नाहीतर उन्हाळ्यात दोन दिवस सावलीत, झाकून, धुळीपासून लांब ठेवायला सांगा आणि दोन पातळ हात द्यायला लावा.

धुतानाचं पाणी हा मुद्दा कुणी काढत नाही. बोअरच्या जड पाण्यानं शेवटचं धुतलं की सुकल्यावर पांढरे ठिपके राहतात आणि लॅकरखाली, म्हणजे वरून मारायच्या पारदर्शक वार्निशखाली, कायमचे अडकतात. एचिंगच्या पाटीवर आकाशाच्या भागात असे तीन ठिपके आहेत. शेवटचं पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वापरलं की प्रश्न मिटतो. लॅकर पावसाळी हवेत मारला तर त्यावर पांढुरकी झाक येते, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये कोरडा दिवस बघून मारायला सांगा. मारण्यापूर्वी पाटी स्वच्छ पुसून घ्यायची आणि मग उघड्या बोटांनी हात लावायचा नाही. लावला तर सहा महिन्यांनी बोटाचा ठसा तपकिरी होऊन उमटतो.

चौकट सागवानी घेतली, पाटी चार पितळी स्क्रूंनी बसवली. फेव्हिकॉलवर किंवा साध्या दुहेरी टेपवर बसवू देऊ नका. पितळ उन्हाळ्यात लाकडापेक्षा जास्त पसरतं, ताठ गोंद त्याच्यासोबत हलत नाही आणि कोपरे सुटतात. स्क्रूची भोकं अर्धा मिलिमीटर सैल ठेवली की पत्र्याला हलायला जागा मिळते. लोखंडी स्क्रू नकोत, त्यांचा गंज पितळेवर उतरतो.

दर चौरस इंचावर सांगतात. त्यात रेखाटन, नमुन्याचा तुकडा, रंग, लॅकर आणि चौकट धरलीय का ते सुटं सुटं लिहून घ्या. वेक्टर फाइल आपल्याला परत मिळणार, हेही त्याच कागदावर.

लॅकर असेपर्यंत पाटी कोरड्या मऊ फडक्यानं पुसायची, बस्स. पितांबरी, चिंच, लिंबू, ब्रासो यांपैकी काहीही लावलं की आधी लॅकर जातो, मग रेघांतला रंग. सोलापूरच्या कोरड्या हवेत अशी पाटी बरीच वर्षं झळाळी धरते. पण ती अलिबागला, म्हणजे कान्होजींच्या समाधीच्या गावी, कुणाला भेट द्यायची असेल तर पाठीमागच्या बाजूला आणि चारही कडांनाही लॅकर द्यायला सांगा. खारा वारा कडेनंच आत शिरतो, आणि हिरवट कळंक पहिल्यांदा स्क्रूच्या भोकाभोवती दिसतो.